चालताना धावते, थांबली की बंद पडते

जुनी मारुती ओम्नी बाळगणारी माणसं गॅरेजच्या दारात उभी राहून साधारण तीन प्रश्न विचारतात. "रस्त्यावर मस्त पळते, पण सिग्नलला थांबली की बंद पडते. काय गेलं असेल?" "सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, एकदा चालू झाली की दिवसभर त्रास नाही. काय गेलं असेल?" "घाटात अर्ध्यावर गेली की आचके देऊन बंद पडते, अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. काय गेलं असेल?"

प्रश्नाचा शेवट दर वेळी एकच, आणि उत्तर म्हणून एखाद्या पार्टचं नाव हवं असतं. मग प्लग बदलतात, कॉइल बदलते, कार्बोरेटर नवा बसतो आणि गाडी सिग्नलला पुन्हा बंद पडते. उत्तराची खरी खूण प्रश्नाच्या पहिल्या भागात असते. थांबल्यावर, सकाळी गार असताना, घाटात तापल्यावर: बिघाड केव्हा दिसतो हे ज्याला नेमकं सांगता येतं, त्याचं अर्धं निदान तिथेच झालेलं असतं. म्हणून या प्रकरणात आपण पार्टच्या यादीने जाणार नाही, वेळेच्या मागाने जाणार आहोत.

१. सीटखालचं इंजिन

मारुती व्हॅन १९८४ साली आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, मारुती ८०० च्याच घराण्यातलं. फरक जागेचा. ८०० मध्ये ते बॉनेटखाली, समोरून येणाऱ्या वाऱ्यात असतं. ओम्नीत ते पुढच्या सीटच्या खाली, पत्र्याच्या बंदिस्त जागेत आहे. शाळेची मुलं, मंडईचा माल, रुग्णवाहिकेतलं स्ट्रेचर, एवढ्या छोट्या गाडीत यांना जागा मिळाली ती इंजिन सीटखाली सरकल्यामुळे. उष्णतेचे बहुतेक आजारही तिथूनच आले.

आपल्या गाडीत पेट्रोल इंजिनापर्यंत कसं पोचतं, हे आधी पाहून घ्यायला हवं. जुन्या ओम्नीत कार्बोरेटर आहे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि त्या ओढीने बारीक छिद्रांतून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर खेचलं जातं. त्यात वीज जवळपास नाही, हुशारीही नाही. २००० नंतरच्या काळातल्या गाड्यांत एमपीएफआय पद्धत आली. तिथे टाकीतला पंप पेट्रोल दाबाने पाठवतो आणि छोटा संगणक सेन्सरकडून माहिती घेऊन प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागत असेल, तर तुमची गाडी या दुसऱ्या प्रकारची. तो दिवा गाडी चालू झाल्यावरही विझत नसेल, तर संगणकाने काहीतरी नोंदवून ठेवलं आहे. ते वाचून घेतल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नये.

२. एका सिलिंडरचं मोल

आता पहिल्या प्रश्नाचं कोडं: वेगात ठीक आणि थांबल्यावर बंद, असं का? थोडं गणित केलं की ते उलगडतं.

चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेतंय असं धरू. म्हणजे एका सिलिंडरचे ४५० स्फोट, तिघांचे १,३५०, सेकंदाला साधारण बावीस. दोन फेरे म्हणजे ७२० अंश. तिघांत वाटले की दर २४० अंशांना एक स्फोट. पण एका स्फोटाचा ढकलण्याचा जोर फार तर अर्धा फेरा, १८० अंश टिकतो. उरलेले ६० अंश इंजिनाला कोणीच ढकलत नाही. तेवढा वेळ फ्लायव्हीलचं जड चाक आपल्या वेगावर सगळं ओढून नेतं.

यातला एक सिलिंडर मेला की बिनजोराचं अंतर ६० अंशांवरून ३०० अंशांवर जातं. आता फ्लायव्हीलचा वेग महत्त्वाचा ठरतो. फिरत्या चाकातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ९०० ऐवजी ३,००० फेरे असतील तर ऊर्जा अकरापट, आणि ३०० अंशांचा खड्डा पार करायला लागणारा वेळही तिसऱ्या हिश्श्याहून कमी. म्हणून रस्त्यावर तो खड्डा सहज भरून निघतो, फक्त ताकद कमी वाटते. सिग्नलला मात्र फ्लायव्हील पुरं पडत नाही, सीट थरथरते आणि गाडी बंद पडते. चार सिलिंडरच्या गाडीत एक गेला तर पाव ताकद जाते, इथे एक-तृतीयांश जाते. ओम्नीची मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटण्याची खोड, अंगाला जाणवते ती यामुळे.

कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधायची रीत जुनी आणि पक्की आहे. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने क्षणभर काढायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. ज्याची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच बंद आहे. एमपीएफआय गाडीत वायरऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळू शकतं.

तिघेही सारखेच चालत असतील आणि तरी गाडी बंद पडत असेल, तर दोष एका सिलिंडरचा नाही, तिघांच्या सामाईक वाटेवरचा आहे. ही माहिती मिळवायला एक रुपयाही लागत नाही.

३. पेट्रोल की करंट?

मेकॅनिक ठिणगीला करंट म्हणतात, आपणही तेच म्हणू. बंद पडण्याच्या ढंगावरून पहिला अंदाज बांधता येतो. बटण दाबून दिवा मालवावा तशी गाडी एका क्षणात गप्प झाली, तर संशय करंटवर: चावीचा स्विच, कॉइल, ढिली वायर, एमपीएफआयमध्ये क्रँक किंवा कॅमचा सेन्सर. आधी पिकअप गेला, मग आचके आले, अ‍ॅक्सिलरेटर पंप केल्यावर थोडी सावरली आणि मग बंद पडली, तर संशय पेट्रोलवर.

अंदाज पडताळायचा तो गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच. नंतर ढकलून गॅरेजला नेली, तोवर ती गार झाली आणि चालू झाली, की पुरावा गेला. कार्बोरेटरची गाडी असेल तर एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून, हाताने अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा ओढावा आणि कार्बोरेटरच्या गळ्यात बघावं. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली, तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. मग थोडं थांबून, एअर फिल्टर पुन्हा लावून आणि पेट्रोलची वाफ विरली याची खात्री करून, एक जादा प्लग वायरला लावायचा, त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवायची आणि दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगायचं. टचटचीत निळी ठिणगी म्हणजे करंट ठीक. पिवळट, अडखळती ठिणगी ही न आल्यासारखीच समजावी. हे सगळं सीटखाली, माणसांच्या पायाशी चाललेलं असतं. गाडीत मुलं बसलेली असताना किंवा कुठे पेट्रोल सांडलेलं असताना ठिणगीची परीक्षा कधीही करू नये. शेजारी अग्निशामक सिलिंडर हवाच.

सीएनजी किंवा एलपीजी किट असलेल्या गाडीला तर निदानाचं यंत्र फुकटच मिळालेलं असतं. तक्रार गॅसवरही आहे आणि पेट्रोलवरही आहे, तर कार्बोरेटर आणि गॅस किट एकाच वेळी बिघडले असण्याची शक्यता कमी. मग करंट किंवा कंप्रेशन (त्याबद्दल शेवटी) पाहावं. तक्रार फक्त एकावर असेल, तर त्या इंधनाची वाट तपासावी. एक अपवाद: गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे दमलेला प्लग किंवा वायर आधी गॅसवर उघडी पडते आणि पेट्रोलवर आणखी काही दिवस निभावून नेते.

४. थांबल्यावर बंद पडणारी गाडी

उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो, कार्बोरेटरची मोठी झडप जवळपास मिटलेली असते. त्यामुळे मुख्य जेटला ओढच बसत नाही. अशा वेळी पेट्रोल एका वेगळ्या, अतिशय बारीक जेटमधून येतं. त्याला स्लो जेट म्हणतात. रॉकेलच्या स्टोव्हच्या भोकात काजळीचा एक कण अडकला की ज्योत कशी फडफडायची आणि पिन मारली की पुन्हा कशी निळी व्हायची, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना स्लो जेटचा आजार वेगळा समजावायला नको. टाकीतल्या गंजाचा एक कण पुरतो. मुख्य जेट मोठं असल्यामुळे तोच कण तिथून निघून जातो, म्हणून रस्त्यावर तक्रार नसते. मात्र जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. दाबाची हवा आणि कार्बोरेटर क्लीनर एवढ्याने काम होतं.

याच वाटेवर एक छोटा विजेचा व्हॉल्व्ह असतो. चावी बंद केली की तो स्लो जेटचं पेट्रोल तोडतो, म्हणजे चावी काढल्यावर इंजिन धडधडत राहत नाही. त्याची वायर निसटली किंवा तो जळाला, की गाडी पाय काढताच बंद पडणार. परीक्षा सोपी: इंजिन बंद ठेवून चावी ऑन करावी, त्याची वायर काढून लावावी, टिक असा आवाज यायला हवा. अनेक नवे कार्बोरेटर या एका निसटलेल्या वायरपायी विकले जातात, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं कारण फसवं आहे: चोरून आत येणारी हवा. एक लिटर पेट्रोल नीट जळायला वजनाने पावणेपंधरापट, म्हणजे सुमारे ११ किलो हवा लागते. आकारमानाने ती जवळपास ९,००० लिटर होते. पण उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आसपासच हवा घेत असतं. त्यात ब्रेक बूस्टरच्या चिरलेल्या नळीतून किंवा कार्बोरेटरखालच्या वाळलेल्या गॅस्केटमधून आणखी वीस लिटर शिरली, तर मिश्रण इतकं पातळ होतं की नीट पेटत नाही. रस्त्यावर इंजिन कितीतरी जास्त हवा घेतं, तिथे हे वीस लिटर कुठेच लक्षात येत नाहीत. शोधण्यासाठी रबराची प्रत्येक नळी पकडीने क्षणभर दाबून बघावी. एखादी दाबताच इंजिन सुधारलं, तर भोक त्या नळीच्या पुढे आहे. गॅस्केटच्या कडेवर पाण्याचे थेंब टाकावेत. ते आत ओढले गेले आणि इंजिनाचा सूर बदलला, की जागा सापडली. काही जण त्यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी ते जिवावर बेतू शकतं.

एमपीएफआय गाडीत उभं असताना इंजिन चालतं ठेवण्याचं काम आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह करतो. मिटलेल्या झडपेला वळसा घालून किती हवा जाऊ द्यायची ते तो ठरवतो. थ्रॉटल बॉडीत तेलकट काळा थर साचला की वाट अरुंद होते. साफसफाई हा पहिला उपाय, नवा व्हॉल्व्ह हा शेवटचा.

५. तापल्यावर बंद पडणारी गाडी

एप्रिल-मे महिना, भरलेली गाडी, खंबाटकी किंवा कसाऱ्यासारखा घाट, पुढे रांगत चाललेला ट्रक. वारा नाही, इंजिन पूर्ण कष्टात आणि तेही बंद पेटीत. इथे चार वेगवेगळे बिघाड बाहेरून अगदी सारखे दिसतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पहिला, पेट्रोलची वाफ. पेट्रोल हे एकच द्रव नाही, अनेक घटकांचं मिश्रण आहे, आणि त्यातले सर्वांत हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. कार्बोरेटरच्या ओम्नीत पंप इंजिनालाच बसवलेला असतो आणि तो खालच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतं. पंपात वाफेचा फुगा बसला की पंप फुगाच दाबत-सोडत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवायची ड्रायव्हर मंडळींची युक्ती शास्त्राला धरून आहे. फडक्याने गाडी लवकर चालू झाली, तर निदानही झालं. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या वाटेपासून दूर नेणं, तिच्यावर उष्णतारोधक आवरण घालणं आणि पंपाखालचं जाड इन्सुलेटर जागेवर आहे ना ते बघणं. एमपीएफआयमध्ये पंप टाकीतून दाबाने ढकलतो, त्यामुळे हा आजार क्वचित होतो.

दुसरा, टाकीचा कोंडलेला श्वास. पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती वाट धुळीने बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप हरतो. गाडी बंद पडताच टाकीचं झाकण उघडावं. सूऽ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर कारण हेच. हा बिघाड थंडीतही होतो आणि टाकी भरलेली असताना लवकर होतो, कारण वरची थोडीशी हवा लगेच विरळ होते. वाफेच्या आजाराला हे दोन्ही लागू पडत नाही.

तिसरा, कॉइल. तिच्या आत केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. आवरण जुनं झालं की तापून फुगल्यावर तार सुटते किंवा वेढे एकमेकांना चिकटतात, गार झाल्यावर पुन्हा जुळतात. अशी कॉइल गॅरेजमध्ये गार असताना मीटरवर पास होते. तिला पकडायचं तर घाटातच, बंद पडल्या क्षणी, ठिणगी बघून. एमपीएफआयमध्ये तापलेला क्रँक किंवा कॅम सेन्सर असाच वागतो आणि इंजिन तडकाफडकी बंद करतो.

चौथा, खरोखर तापलेलं इंजिन. तापमानाचा काटा वर गेला असेल तर वरच्या तिन्ही परीक्षा बाजूला ठेवाव्यात. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, गार होऊ द्यावं आणि पाणी कुठे गेलं याचा शोध घ्यावा.

बंद पडलेली गाडी उतारावर असेल तर आणखी एक गोष्ट जिवाची आहे. ब्रेक बूस्टरला मदत इंजिनाच्या ओढीतून मिळते. इंजिन थांबल्यावर एक-दोन वेळा ब्रेक हलका लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. पंप करत बसू नये, एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्यावी. गाडी चालत असताना चावी पूर्ण मागे फिरवू नये, स्टिअरिंग लॉक होतं.

६. पावसाळा

जुलैतल्या कोकणात रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू होत नाही आणि ऊन पडलं की होते. प्लगपर्यंत जाणारा दाब हजारो व्होल्टचा असतो. त्याला डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटून देणाऱ्या भागाच्या, टोपीवरची ओल किंवा केसाएवढी चीरही पुरते, प्लगपर्यंत न जाता तो तिथूनच पळतो. रात्री अंधारात सीट उचलून इंजिन चालू करावं. टोपीवर किंवा वायरींवर निळे धागे लुकलुकताना दिसले, तर बदलायचा पार्ट डोळ्यांसमोर आहे. टोपी कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसली की गाडी त्या दिवसापुरती चालते. चीर मात्र पुसून जात नाही.

७. पेट्रोल बदललं

बऱ्याच जुन्या गाड्यांना गेल्या काही वर्षांत नव्या तक्रारी सुरू झाल्या, त्यामागे इंधनाचाही वाटा आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. महाराष्ट्राला इथेनॉल अनोळखी नाही, आपल्या साखर कारखान्यांतूनही ते येतं. पण १९९० च्या दशकातला कार्बोरेटर त्याच्यासाठी घडवलेला नाही.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला वजनाने नऊपटच हवा लागते. पाचवा हिस्सा इथेनॉल असेल तर मिश्रणाची गरज पावणेपंधरावरून साधारण साडेतेरापटीवर येते. कार्बोरेटरचं जेट मात्र जुन्या हिशेबाचं, म्हणजे मिश्रण सात-आठ टक्के पातळ. जी गाडी आधीच काठावर चालत होती, ती सिग्नलला बंद पडू लागते. शिवाय इथेनॉलला वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, म्हणून थंडीत सकाळचा सेल्फ वाढतो. एमपीएफआयमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल तर संगणक हा फरक बराचसा सांभाळून घेतो.

इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं आणि जुन्या रबराला फुगवतं किंवा ठिसूळ करतं. म्हणून जुन्या ओम्नीत पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा बसवून घ्यावा आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावा. सीटखाली तापलेल्या इंजिनावर ठिबकणारी पेट्रोलची नळी हा या गाडीतला सर्वांत मोठा धोका आहे, मिसिंग वगैरे त्यापुढे किरकोळ. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत इथेनॉल हवेतलं पाणीही शोषतं. पाणी वाढलं की ते इथेनॉलसह तळाशी वेगळं बसतं, आणि इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो.

८. पेट्रोल आहे, करंट आहे, तरी मिसिंग

आता उरतं कंप्रेशन, म्हणजे पिस्टनने मिश्रण दाबून धरण्याची ताकद. वर्षानुवर्षं गॅसवर शाळेच्या फेऱ्या केलेल्या गाडीत इथवर यावंच लागतं. गॅस कोरडा असतो, त्यामुळे व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते आणि व्हॉल्व्ह थोडा थोडा वर सरकतो. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, म्हणजे टॅपेटची फट, कमी कमी होत नाहीशी होते. मग तापल्यावर लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. गाडी सकाळी ठीक, दुपारी सिग्नलला बंद: पुन्हा तोच पहिला प्रश्न, कारण मात्र सर्वस्वी वेगळं.

तिन्ही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, गेज लावून सेल्फ मारावा आणि तिन्ही आकडे लिहून घ्यावेत. एकाचा आकडा इतर दोघांपेक्षा बराच खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा गेल्या, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. तिघांचेही आकडे सारखेच कमी असतील, तर टायमिंग बेल्ट एखादा दात सुटून बसला आहे का, ते आधी बघावं.

व्हॉल्व्हवर संशय आला की हेड उतरवण्याची घाई करू नये. या इंजिनात टॅपेट स्क्रूने जुळवता येतात. पुस्तिकेत दिलेली फट फीलर गेजने लावून कंप्रेशन पुन्हा मोजावं. व्हॉल्व्ह जळलेला नसेल तर आकडा लगेच वर येतो. ढिला टॅपेट टकटक करतो, म्हणून मालक त्याची तक्रार घेऊन येतात. घट्ट टॅपेट आवाज करत नाही. म्हणून गॅसवरची ओम्नी कितीही शांत चालत असली, तरी प्रत्येक मोठ्या सर्व्हिसिंगला तिची फट मोजून घ्यावी, आणि कार्बोरेटरच्या स्क्रूला हात त्यानंतर लावावा.